आईने प्यायलेले दाणे

आई मला मारायची तेव्हा आधी हातातली कोंबडी खाली ठेवायची. पाय बांधलेली कोंबडी तिथेच मातीत पंख आपटत पडायची आणि आई माझ्याकडे वळायची. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी तिला त्याचं काही नसे. एकदा चांगल्या कपड्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो मावशी, एवढी मोठी बाई आहे ती. तिला काय मारता?"

आई म्हणाली, "माझी हाय ती. तुमची कोंबडी कापून देऊ का तशीच नेता?"

त्यांनी कोंबडी तशीच नेली.

तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. नाशिकला पेठ रोडच्या बाजूच्या वस्तीत, पत्र्याच्या एका खोलीत आम्ही दोघीच राहायचो. आई मूळची सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. द्राक्षाच्या बागांत मजुरीला दर हंगामाला खाली यायची, बाप गेल्यावर परत गेलीच नाही. पाड्यावरून जीपने गावठी कोंबड्या आणायच्या आणि रस्त्याच्या कडेला बसून विकायच्या, हा तिचा धंदा. माझं लग्न झालं होतं, पण नवऱ्याने दुसरी बाई ठेवली आणि मी आईकडे आले. चौथीपर्यंत आश्रमशाळेत शिकले. लिहायला तेव्हापासून आवडतं, कारण लिहिताना कोणी आपल्या तोंडाकडे बघत नाही.

बोलायला मला जमत नाही. गिऱ्हाइकाने भाव विचारला की आवाज घशातच अडकतो, कान तापतात. आईला याचाच राग. "तुझ्या तोंडाला काय शिवण घातलीय का गं?" म्हणायची आणि पाठीत बुक्की. ती मलाच मारायची असं नव्हतं. शेजारच्या बाईने नळावर हंडा पुढे सरकवला म्हणून त्याच हंड्याने तिचा खांदा सुजवला होता. तराजूवर हात ठेवणाऱ्या एका दारुड्याच्या बोटांवर सुरीची मूठ हाणली होती. वस्तीत तिला सगळे मान देत, पण तो मान हाताच्या अंतरावरून.

तिचं कापणं मात्र बघण्यासारखं होतं. कोंबडीचे पंख पायाखाली दाबायची, मान मागे ओढायची, सुरी एकदाच फिरायची. मग धड पिंपात. आत धडधड आवाज व्हायचा, आणि तो थांबेपर्यंत आई गिऱ्हाइकाशी त्याच्या सुनेबद्दल बोलायची. मग उकळत्या पाण्यात बुडवून पिसं उपटायची. आमच्या खोलीला कायम ओल्या पिसांचा आणि रक्ताचा वास असे.

मला नोकरी लागली ती या रक्तामुळेच. औषधांच्या एका कॉलेजातले सर आईचे गिऱ्हाईक होते. त्यांना प्रयोगाच्या उंदरांची खोली सांभाळायला माणूस हवं होतं. आधीच्या दोन बायका उंदीर मेलेले बघून पळाल्या होत्या. आई म्हणाली, "ही बोलत नाय, पण हिला रक्ताचं भ्या नाय." सर म्हणाले, "मला असंच माणूस हवंय."

तिथे पांढरे उंदीर पिंजऱ्यांत ठेवलेले असत. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, मेलेला दिसला तर कळवायचं, एवढंच माझं काम. पण तिथे एक मोठं शिक्षण घेणारी मुलगी होती. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला मावशी. तिच्या प्रयोगात शेवटी उंदीर मारावे लागत. आधी गुंगी द्यायची, मग मानेवर लोखंडी सळी आडवी दाबायची आणि शेपटी मागे ओढायची. टक् असा बारीक आवाज येतो. मॅडमला जोर लावायला जमायचं नाही. अर्धवट ओढायची, उंदीर मरायचा नाही, मागचे पाय झाडत राहायचा, आणि ती रडायची. एके दिवशी मी काही न बोलता तिच्या हातातून सळी घेतली. त्यानंतर ते काम माझंच झालं. सकाळी आई मारी, दुपारी मी मारी. आमच्या दोघींचे हात सारखेच आहेत हे मला तेव्हा कळलं.

मॅडम आतड्याच्या कॅन्सरवर काम करत होती. उंदरांना एक इंजेक्शन आणि पाण्यातून एक पावडर दिली जायची, त्याने त्यांच्या आतड्याला आधी सूज यायची आणि पुढे गाठी धरायच्या. ते उंदीर पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसत. एकमेकांना चावत. त्यांच्या लेंड्यांत काळपट रक्त कालवलेलं असे आणि भुशाला एक आंबूस, लोखंडी वास येई. पिंजरे धुताना तो वास माझ्या नखांत बसायचा.

गाठ अगदी बारीक असतानाच कशी सापडेल, हा तिचा प्रयोग. तिने मला एकदा समजावून सांगितलं होतं. "मावशी, एक तांदळाचा दाणा घ्या. त्याचे इतके बारीक कण करा, इतके, की सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा दिसू नयेत. तसे कण आम्ही बनवतो आणि उंदराला पाजतो. त्यांच्या अंगावर असं काहीतरी चिकटवलेलं असतं की ते फक्त रोगाच्या जागेला धरतात. चांगल्या जागेवरून घसरून निघून जातात. मग यंत्रात ठेवलं की तेवढीच जागा उजळते."

मी मान हलवली. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिने दाखवलं. मी मारलेल्या उंदराचं पोट तिने उघडलं, आतडं काढून काळ्या कागदावर दोऱ्यासारखं सरळ मांडलं. मी जवळून बघितलं. गुलाबी, स्वच्छ. रोज कोंबड्यांची आतडी बघणाऱ्या माझ्या डोळ्यांना त्यात काही खोट दिसली नाही. मग तिने ते यंत्राच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवलं आणि पडद्यावर त्या दोऱ्यात एके ठिकाणी ठिणगी पडावी तसा ठिपका पेटला. मोहरीएवढा. 

आईचा आजार मला तिच्या मारावरून कळला.

आमच्या घरात रक्त दिसलं तर कोणी विचारत नाही. तिचं लुगडं, तिचे हात, पाट, उंबरा, सगळीकडे कोंबड्यांचं रक्त असायचंच. तिच्या अंगातून काही जातंय हे कोणाला कसं दिसणार? पण तिची बुक्की हलकी झाली. पूर्वी पाठीत बसली की श्वास कोंडायचा. आता नुसता हात लागायचा आणि तिलाच धाप लागायची. बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. कोंबडीची मान एका फटक्यात कापणारी बाई सुरी दोनदा फिरवू लागली.

मग एकदा तिचं लुगडं मी धुवायला घेतलं आणि तो वास आला. आंबूस, लोखंडी. तो कोंबड्यांचा नव्हता. मी ते लुगडं पुन्हा नाकाशी नेलं.

"आई, तुला शौचाला रक्त जातंय," मी म्हणाले. एवढं वाक्य बोलायला मला दोन दिवस लागले होते.

तिने ऐकलं, हातातली कोंबडी खाली ठेवली आणि पायातली चप्पल काढली. तोंडावर, कानावर, जिथे लागेल तिथे मारली. "माझं लुगडं हुंगतेस? लाज नाय वाटत? मूळव्याध हाय मला. मूळव्याध कोणाला होत नाय?" मारता मारता तिचा तोल गेला आणि ती पिंपाला धरून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्याचं नाव काढलं की ती सुरीकडे हात न्यायची. दवाखान्यात मागून नळी घालतात, हे तिला नळावर कोणीतरी सांगितलं होतं. "मला नळी घालणाराचा हात मनगटापासून काढीन," ती म्हणायची, आणि ती गंमत नव्हती.

ती पाड्यावर भगताकडे गेली. आमच्याकडे दाणे बघतात. आजाऱ्याच्या अंगावरून तांदूळ उतरवायचे, भगत ते सुपात टाकतो, पुटपुटतो, दाणे हलवतो आणि दुखणं कुठे बसलंय, कोणामुळे बसलंय ते सांगतो. आईचा दाण्यांवर पक्का विश्वास. भगत म्हणाला, इतक्या कोंबड्या मारल्यास, त्यांचं पाप तुझ्या पोटात बसलंय, एक काळी कोंबडी सोड. आईने चांगली वजनदार काळी कोंबडी त्याला दिली. पण रक्त काही थांबलं नाही. आठवड्याने ती पुन्हा जीपने गेली, आणि भगताच्या चुलीवर शिजणाऱ्या रश्श्यात डोकावून आली. येताना तिचं कपाळ फुटलेलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सोडलेली कोंबडी शिजवून खात होता मेला. त्याच्याच सुपाने त्याला बडवला. त्याच्या बायकोने मला लाकूड मारलं."

"मग दाणे खोटे?"

"दाणे खोटे नसतात. भगत खोटा." आणि माझ्या डोक्यात टपली.

तिला दवाखान्यात न्यावं म्हणून मी तिला कॉलेजातलं सांगितलं, ते त्याच संध्याकाळी. मला वाटलं होतं, उंदराच्या आतड्यातली मोहरीएवढी गाठ ऐकून तिला भीती वाटेल. मी अडखळत सांगत होते, चांगल्या आतड्यात डोळ्याला काही दिसत नाही, आत मात्र असतं, ते लवकर कळलं तर कापून काढता येतं. ती ऐकत होती, पण तिने भलतंच धरलं.

"तांदळाच्या दाण्याचे बारीक कण?"

"तांदळाचे नाही. तसे, म्हणजे समजावं म्हणून."

"आणि ते पोटात जाऊन दुखण्याच्या जागेवरच बसतात?"

"उंदराच्या पोटात."

"म्हणजे दाणेच की! मधे भगत नाय. लबाडी करायला कोणीच नाय." तिचे डोळे चमकले. "मला आणून दे."

मी नाही म्हणाले. म्हणजे मान हलवली. ती रोज मागू लागली. ते औषध नाही, माणसाला देत नाहीत, त्याने बरं होत नाही, हे सगळं मी तिला सांगायचा प्रयत्न केला, पण माझं वाक्य पुरं होण्याआधी तिचा हात यायचा. "बरं व्हायला कोणी सांगितलं? कुठं बसलंय ते कळू दे. मग मी बघते." कुठे बसलंय ते कळल्यावर ती काय बघणार होती, ते मला विचारवेना. रात्री तिची सुरी मी माझ्या उशाखाली ठेवू लागले.

एका सकाळी ती पिसं काढायच्या उकळत्या पाण्याजवळ बसली होती. म्हणाली, "आज आणशील?" मी मान हलवली. तिने मग्ग्याने पाणी माझ्या हातावर फेकलं.

कातडी कोपराखाली फुगून आली, मग सोलून निघाली. मी ओरडले का, ते आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो. ती रागात नव्हती. घाबरलेली होती. मरणाला घाबरलेलं जनावर जसं चावतं, तशी ती मला चावत होती, आणि हे मला कळत होतं म्हणून मी निघून गेले नाही. निघून जायला हवं होतं असं मॅडम म्हणाली. हात बांधून मी कामावर गेले तेव्हा तिने विचारलं, "नवऱ्याने केलं?"

"आईने."

तिला आधी हसू आलं आणि मग माझा हात बघून रडू आलं. पोलिसांत जाऊ, म्हणाली. मी म्हणाले, "तिला दवाखान्यात न्यायचंय." दुसरं मला काहीच नको होतं. आई मारत राहिली असती तरी चाललं असतं, पण तिचा फटका रोज हलका होत चालला होता, आणि तो पार थांबला तर काय, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

त्याच आठवड्यात, दुपारी, आम्ही उंदीर मारत असताना आई कॉलेजात आली. गेटवरच्या माणसाला तिने ढकललं होतं आणि त्याची शिट्टी हिसकावून घेतली होती. दार आपटून आत आली तेव्हा ती शिट्टी तिच्या मुठीत होती. मी सळी दाबून एक उंदीर ओढला होता. टेबलावर आधीचे तीन ओळीने पडलेले. मॅडम एकाचं पोट उघडत होती.

आईने सगळीकडे बघितलं. मॅडमच्या हाताकडे बघून म्हणाली, "पोरी, असं कापतात का? पित्त फुटंल."

"आजी, तुम्ही आत येऊ शकत नाही."

"आले की. दाणे कुठायत?"

मॅडमने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मॅडम बिचारी चांगली होती, तिने आईला समजावायला घेतलं. यंत्राचा पडदा दाखवला, पेटलेला ठिपका दाखवला. आई त्या ठिपक्याकडे बघत राहिली.  मग हळूच म्हणाली, "मला दे."

"हे माणसांना देत नाहीत, आजी. अजून उंदरांवरच चाललंय."

"का? मी उंदरापेक्षा हलकी हाय?"

"तसं नाही हो. हे दिल्यावर उंदराला मारावं लागतं. मारून, आतडं बाहेर काढून यंत्रात ठेवलं, तेव्हा दिसतं."

हे ऐकून ती परत जाईल असं मला वाटलं. आई म्हणाली, "मग मार. मारून बघ, पण बघ तरी कोणीतरी!" आणि तिने टेबलावरून कुपी उचलली. डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी होतं त्यात. उंदरांना पाजायचे कण ते हेच. झाकण दातांनी काढून तिने ते तोंडात ओतलं.

पुढचं सगळं माझ्या हातांनी केलं. मी केलं असं म्हणवत नाही.

औषध पाजताना उंदराला एका खास पद्धतीने धरतात. मानेमागची कातडी अंगठ्यात आणि बोटात घट्ट आवळायची, डोकं मागे जातं, तोंड आपोआप उघडतं. मी आईला तसं धरलं. मागून मान आवळली, दुसऱ्या हाताने जबडा दाबला. माझ्या भाजलेल्या हाताची पट्टी सुटून लोंबत होती. ती लाथा मारत होती, कोपर माझ्या बरगड्यांत घालत होती. पिंजऱ्यांची मांडणी आमच्या अंगावर आली, पाण्याच्या बाटल्या फुटल्या, उंदीर फरशीवर पळाले. काचेवर माझा पाय कापला. एक उंदीर आमच्या पायाखाली चिरडला, ते मऊ मोडणं मला तळव्याला कळलं. मी मान सोडली नाही. तिचा मणका माझ्या बोटांखाली होता, सळीची गरज नव्हती, एवढंच आठवतं, आणि तेव्हा मी जी ओरडले तो आवाज माझा असेल असं मला आजही वाटत नाही.

"थुंक! थुंक आधी! दवाखान्यात चल, नाहीतर इथेच मारते तुला!"

आई थुंकली. लाल पाणी तिच्या हनुवटीवरून माझ्या हातावर आलं. मग ती एकदम ढिली पडली. मला वाटलं, झालं, मी मारलं तिला. हात सोडला तर ती फरशीवर बसली, खोकली आणि माझ्याकडे वर बघून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बोलतेस की."

सर धावत आले. त्यांचा चेहरा भीतीने उतरला होता, कारण प्रयोगातलं काहीतरी बाहेरच्या बाईच्या पोटात गेलं होतं. त्यांनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. गाडीत आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तिच्या मानेवर माझी बोटं निळी उमटली होती.

तिथल्या डॉक्टरांना सरांनी कुपीत काय होतं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गेलं असेल ते थोडंच आहे, बघू लक्ष ठेवून. मग त्यांनी आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि थांबले. आत पांढरंफटक होतं.

"आजी, तुमचं रक्त कुठे गेलं?"

आई म्हणाली, "म्हातारपण हाय."

सर उभे होते, मॅडम उभी होती, नर्स, आणखी पेशंट. माझे कान तापले. तरी मी बोलले. "शौचावाटे जातं. काळपट. बऱ्याच महिन्यांपासून. वजन पण उतरलंय."

आईने पलंगावरूनच माझ्या थोबाडीत मारली. नर्सने तिचा हात धरला तर तिने नर्सला नखं लावली. डॉक्टर बोटाने तपासायला आले, त्यांच्या पोटात लाथ. शेवटी मी तिच्या डोक्याशी गेले आणि तिच्या मानेखाली हात घातला. आवळला नाही, नुसता घातला. ती गप्प पडून राहिली. मला त्याची लाज वाटली. पण मी हात काढला नाही.

रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या. आईने विचारलं, कोणाचं रक्त? नर्स म्हणाली, माहीत नाही आजी, कोणातरी माणसाचं. आई म्हणाली, "कोंबडीचं नसलं म्हणजे झालं."

नळीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून पाजतात. ते प्यायल्यावर ती दिवसभर संडासात ये-जा करत होती आणि डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पण पीत होती. तिचा समज असा झाला होता की हेही दाणेच आहेत, जास्तीचे. मी तो समज तसाच राहू दिला.

नळीतून गाठ दिसली. डाव्या बाजूला, आतड्याच्या वळणावर. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून आतड्याच्या भिंतीतच असावा असं फोटोत दिसतंय. ऑपरेशन करू. वेळेत आलात. महिन्यांचा उशीर केलात, पण तरी वेळेत आलात."

मी आईला सांगितलं. ती छताकडे बघत होती.

"कापून काढतील?"

"हो."

"कापणारा चांगला हाय का? त्या पोरीसारखा नाय ना?"

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराबाहेर बाकावर बसले होते. दार उघडून एकाने विचारलं, नातेवाईक कोण? मी उठले. त्याने स्टीलचा ट्रे पुढे केला. काढलेला भाग नातेवाइकाला दाखवतात, हे मला माहीत नव्हतं. वीतभर आतडं होतं, उघडून ठेवलेलं, आणि मध्ये फुलकोबीच्या फांदीसारखी गाठ, काळसर, रक्ताळलेली. इथे काही पेटावं लागत नव्हतं. उघड्या डोळ्यांना दिसत होतं. मी आयुष्यभर आतडी बघितली, पण आईचं पहिल्यांदाच बघत होते. ज्यातून माझी आई रोज थोडी थोडी वाहून जात होती, ते एवढंसं होतं. ते तिथेच ठेचावं, चाकूने बारीक करावं असं मला वाटलं. मी दोन्ही हात मागे बांधले आणि म्हणाले, "बघितलं."

पुढच्या तपासणीत कळलं की गाठ बाहेर पसरलेली नाही. आजूबाजूच्या सगळ्या ग्रंथी चांगल्या निघाल्या.

घरी आल्यावर मॅडम आईला भेटायला आली. येताना मोसंबी आणली होती. आमच्या धिंगाण्यामुळे तिचे पळालेले उंदीर बाद झाले आणि तिला ते काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत होतं, तरी ती आली. मला कॉलेजाने कामावरून काढलं होतं, त्यात तिचा काही दोष नव्हता. आईने तिला बसायला गोणपाट दिलं आणि वस्तीतल्या बायकांना हाक मारून सांगितलं, "हीच ती पोरगी. हिच्या दाण्यांनी माझं दुखणं दाखवलं."

मॅडमला खोटं बोलवेना. म्हणाली, "नाही आजी. आमच्या कणांनी काहीच दाखवलं नाही. तुम्ही ते थुंकून टाकलेत."

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिने थुंकायला लावले. नायतर तिथंच दिसलं असतं. नळीची पाळीच आली नसती."

बायका हसल्या. मॅडमही हसली. आई हसली नाही. तिने मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिला परत कामावर नको घेऊ. हात लय जड हाय."

आता मी कोंबड्या कापते. भाव मोठ्याने सांगते. आई शेजारी बसून गिऱ्हाइकांशी भांडते. तिने मला पुन्हा मारलं नाही असं नाही, मारते, पण मारायच्या आधी एकदा माझ्या हातांकडे बघते. ते बघणं मला आवडत नाही. मारण्यापेक्षा ते जास्त लागतं.

वर्षाने पुन्हा नळी घालून बघायला डॉक्टरांनी बोलावलं होतं. आदल्या दिवशीचं औषध तिने मोरीत ओतून दिलं. मी दुकानातून दुसरं आणलं, तिच्यासमोर तांब्या ठेवला आणि दारात बसले. ती म्हणाली, "नाय पिणार. काय करशील? मारशील?"

"नाही," मी म्हणाले. "बसून राहीन. कोंबड्या आज बंद."

बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी उठले नाही. आईने मला शिव्या दिल्या, बापाला दिल्या, भगताला दिल्या. मग तांब्या उचलला आणि नाक दाबून प्यायली.

सकाळी मी रिक्षा बोलावली. रिक्षावाला म्हणाला, दवाखान्याच्या आत सोडणार नाही, गेटवर उतरा. आईने त्याची कॉलर धरली.

मी तिला धरू दिली.